रेसिडेंटचे ते तीन महिने वाया घालवू नका

प्रति,
मा. सचिव, वैद्यकीय शिक्षण विभाग,
मा. सचिव, सार्वजनिक आरोग्य विभाग,
महाराष्ट्र शासन.

महोदय,

हे पत्र आपल्या दोघांना मिळून लिहिते आहे, कारण विषय दोन खात्यांच्या मधे पडला आहे. रेसिडेंट, म्हणजे एमडी-एमएस शिकता शिकता रुग्णालयात काम करणारा डॉक्टर, वैद्यकीय शिक्षण खात्याचा, आणि तो तीन महिने जिथे येतो ते रुग्णालय सार्वजनिक आरोग्य खात्याचं. एका खात्याला विचारलं की ते दुसऱ्याकडे बोट दाखवतं. म्हणून दोघांना एकाच कागदावर लिहिते.

मी भूलतज्ज्ञ आहे. बालाघाटाच्या डोंगररांगेत एका तालुक्याच्या गावी, शंभर खाटांच्या उपजिल्हा रुग्णालयात काम करते. सरकारी सेवेत २८ वर्षं झाली. गावाचं नाव लिहीत नाही. सेवेत असल्यामुळे ते बरं दिसणार नाही, आणि शेजारच्या चार तालुक्यांतली अवस्था याहून वेगळी नाही.

२०२१ च्या तुकडीपासून एमडी-एमएस करणाऱ्या प्रत्येकाला जिल्हा निवासी कार्यक्रम, म्हणजे आपण सगळे ज्याला डीआरपी म्हणतो तो, सक्तीचा झाला. तीन वर्षांच्या शिक्षणातले तीन महिने, तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सत्रात, जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात काढायचे. त्याशिवाय शेवटच्या परीक्षेला बसता येत नाही. आधी त्यासाठी किमान शंभर खाटांचं रुग्णालय लागायचं. २०२३ च्या नव्या नियमावलीत ती अट ५० खाटांवर आली. त्यामुळे आमच्याहून लहान रुग्णालयांतही आता पोरं-पोरी येतात. मला विचाराल तर गेल्या कित्येक वर्षांत वैद्यकीय शिक्षणात झालेला हा सगळ्यात चांगला बदल आहे. म्हणूनच त्याची जी हेळसांड चालली आहे ती बघवत नाही.

एका मार्चमधली एक रात्र सांगते.

ऊसतोडीची टोळी हंगाम संपवून गावी परतत होती. ट्रॅक्टरमध्येच एका बाईला झटके आले. वय २२, दुसरं बाळंतपण, आठवा महिना संपत आलेला. सहा महिने ती फडावर होती, त्यामुळे रक्तदाब कोणी मोजलाच नव्हता. आमच्याकडे पोचली तेव्हा वरचा दाब १८०, अंगावर सूज, हिमोग्लोबिन साडेसात, आणि शुद्ध अर्धवट. स्त्रीरोगतज्ज्ञांनी मॅग्नेशियम सुरू केलं, झटके थांबले, पण बाळाचे ठोके उतरायला लागले. अंबाजोगाईचं मेडिकल कॉलेज आमच्याकडून दीड तास. पाठवलं असतं तर बाळ वाटेत गेलं असतं, आणि बहुधा आईही.

त्या वेळी डीआरपीवर भूलशास्त्राची एक रेसिडेंट होती. दुसऱ्या वर्षाची, कोल्हापूरकडची. अशा बाईला कमरेत इंजेक्शन देऊन भागत नाही, पूर्ण भूल द्यावी लागते. आणि झटके आलेल्या बाईचा घसा आतून सुजलेला असतो, तिथे श्वासनलिकेत ट्यूब घालणं ही आमच्या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट. तिच्या कॉलेजात कॅमेऱ्याचा लॅरिंगोस्कोप, म्हणजे घशात आत पाहायचं उपकरण, होता. आमच्याकडे साधा, तोही दोन सेल बदलल्यावर नीट पेटणारा. तिने पहिल्यांदा आत पाहिलं आणि माझ्याकडे बघितलं. "मॅडम, काहीच दिसत नाही." मी तिच्या डाव्या खांद्याशी उभी होते. म्हटलं, "बाळा, घाई नको. ऑक्सिजन दे. उशी थोडी वर घे. आता सहाची ट्यूब घे आणि आधी बूजी सरकव." बूजी म्हणजे एक लांब लवचिक काठी, ती आधी आत जाते आणि तिच्यावरून ट्यूब सरकवायची. दुसऱ्या खेपेला बूजी आत गेल्यावर श्वासनलिकेच्या कड्यांची बारीक खरखर तिच्या बोटांना जाणवली. ती मला तोंडाने काही बोलली नाही, नुसती मान हलवली. ट्यूब गेली. छातीच्या दोन्ही बाजू ऐकल्या, पोट ऐकलं. मग सर्जनना म्हटलं, घ्या सुरी.

मुलगी झाली, १९०० ग्रॅमची. रडायला जरा वेळ लागला, पण रडली.

पहाटे साडेचारला मी चहा घेऊन परत आले तर ही पोरगी बाईच्या खाटेजवळ स्टुलावर बसलेली. वहीचा कागद सापडला नाही म्हणून हातमोज्यांच्या पाकिटावर तासातासाची लघवी लिहीत होती. २०, ३०, ३०, ४५. मला म्हणाली, "मॅडम, कॉलेजात अशी केस आली की टेबलाभोवती सहा जण असतात. माझ्या हाती ट्यूब येतच नाही."

महोदय, ही एक रात्र तिच्या तीन वर्षांत कुठल्या व्याख्यानाने भरून निघाली असती? आणि हे शिकण्यासाठी तिला काय लागलं, तेही पाहा. महागडं यंत्र लागलं नाही. एक रुग्ण लागला, एक जबाबदारी लागली, आणि खांद्याशी उभं राहणारं एक अनुभवी माणूस लागलं. यातलं तिसरं नसतं तर त्या रात्री काय झालं असतं याचा विचारही नको वाटतो.

आता दुसरी बाजू. तिच्या आधी आमच्या शेजारच्या एका रुग्णालयात हाडांच्या विभागाचा एक रेसिडेंट आला होता. तिथे अस्थिरोगतज्ज्ञाचं पद रिकामं. मग त्याला काय काम? सकाळी ओपीडीत गुडघेदुखीच्या गोळ्या लिहिणे, दुपारी अपंगत्व प्रमाणपत्रांचे अर्ज लावणे, मंत्र्यांचा दौरा असला की ताफ्याच्या रुग्णवाहिकेत बसणे. तीन महिन्यांत प्लास्टरच्या पलीकडे त्याच्या हातून काही झालं नाही. शेवटच्या दिवशी लॉगबुकवर सही झाली, कारण सही न करता त्याची परीक्षा अडली असती. जाताना तो मला भेटला. चिडलेला नव्हता, कंटाळलेला होता. मला ते जास्त लागलं. त्याच्या मनात आता जिल्ह्याचं रुग्णालय म्हणजे काय, हे कायमचं ठरून गेलं. आयुष्यभर तो आपल्या ज्युनिअरना तेच सांगणार.

राहण्याची सोय हा विषय लहान वाटतो. तो लहान नाही. नियमाप्रमाणे रेसिडेंटच्या निवासाची व्यवस्था राज्याने करायची आहे. एका मुलीला मिळालेल्या क्वार्टरच्या दाराला आतून कडी नव्हती. ती पहिल्या दोन रात्री लेबर रूममध्ये सिस्टरांच्या खोलीत झोपली. तिसऱ्या दिवशी आमच्या वॉर्डातल्या मामांनी बाजारातून कडी आणून स्वतः ठोकली. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या घटनेनंतर देशभरातले रेसिडेंट रस्त्यावर आले, सर्वोच्च न्यायालयाने कृती दल नेमलं, सुरक्षेवर किती बोललं गेलं. कडी बसवायला मात्र मामाच लागले.

आपण जागा वाढवत आहात, ते दिसतं. २०१४ पूर्वी देशात पदव्युत्तर जागा ३१ हजारांच्या आसपास होत्या, २०२४ मध्ये त्या ७२ हजारांवर गेल्या. एमबीबीएसच्या जागा ५१ हजारांवरून १ लाख १२ हजारांवर आल्या. मराठवाड्यापुरतं बोलायचं तर हा बदल डोळ्यांत भरणारा आहे. घाटी, म्हणजे छत्रपती संभाजीनगरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, १९५६ चं. मग अंबाजोगाई, १९८८ ला नांदेड, २००२ ला लातूर. त्यानंतर वीस वर्षं काही नाही. आणि मग २०२२ ला धाराशिव, २०२३ ला परभणी, २०२४ ला जालना आणि हिंगोली. आज मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. ज्या प्रदेशातल्या मुलांना ७०-३० च्या कोट्याने, म्हणजे ७० टक्के जागा त्या त्या विभागातल्याच मुलांना देणाऱ्या नियमाने, वर्षानुवर्षं मागे ठेवलं, कारण इथे कॉलेजंच कमी होती, आणि तो कोटा सप्टेंबर २०२० मध्ये जाईपर्यंत ज्यांच्या आई-बापांनी निवेदनांवर निवेदनं दिली, त्यांच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. मला याचा मनापासून आनंद आहे.

पण आमच्या लातूरच्या शिकवण्यांतून दरवर्षी इतकी मुलं डॉक्टर व्हायला जातात, त्यातली परत किती येतात? केंद्र सरकारच्याच २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीत देशातल्या सामुदायिक आरोग्य केंद्रांत तज्ज्ञांची कमतरता जवळपास ८० टक्के आहे. शल्यचिकित्सक, फिजिशियन, स्त्रीरोग, बालरोग, चारही धरून. ज्या काळात जागा दुपटीने वाढल्या त्याच काळातला हा आकडा. जागा वाढल्या की डॉक्टर आपोआप तालुक्याला झिरपत येतील हे गणित आमच्याकडे तरी जुळलेलं नाही.

झिरपत का येत नाहीत, याचं एक कारण मी स्वतः आहे. म्हणजे माझ्यासारख्यांची जात आता संपत आली आहे. मी एमडी नाही. मी घाटीत डीए केलं, भूलशास्त्राची दोन वर्षांची पदविका. माझ्या बरोबरीच्या कितीतरी जणांनी स्त्रीरोगाची डीजीओ केलं, बालरोगाची डीसीएच केलं. मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याला जा, जुन्या प्रसूतिगृहांच्या आणि बालरुग्णालयांच्या पाट्या वाचा, त्यावर हीच अक्षरं सापडतील. दोन वर्षं शिकायचं, हातात कौशल्य घ्यायचं आणि गावाकडे यायचं, अशी ती वाट होती. २०१८-१९ पासून कॉलेजांनी पदविकेच्या जागा मोडून त्या एमडी-एमएस पदवीच्या केल्या. अध्यापक व्हायला पदवी लागते, म्हणून हे कॉलेजांच्या सोयीचं होतं. तालुक्याच्या सोयीचं होतं का, हे कोणी आम्हाला विचारलं नाही. २०२० मध्ये राष्ट्रीय परीक्षा मंडळाने आठ विषयांत रुग्णालयांमधून दोन वर्षांच्या पदविका पुन्हा सुरू केल्या, त्यात भूलशास्त्र आहे, बालरोग आणि स्त्रीरोगही आहे. मराठवाड्यातल्या मोठ्या सरकारी रुग्णालयांनी त्या घ्याव्यात यासाठी सार्वजनिक आरोग्य विभागाने कंबर कसावी, एवढं इथे म्हणून पुढे जाते.

दुसरं कारण एमडी झाल्यानंतरच्या वर्षाचं आहे. आपल्याकडे सरकारी कॉलेजातून शिकलेल्याला एका वर्षाच्या सरकारी सेवेचं बंधपत्र असतं. पण बहुतेक जण ते वर्ष एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयात एसआर, म्हणजे सिनिअर रेसिडेंट म्हणून काढतात. त्यांचंही चुकत नाही. पुढे सहायक प्राध्यापक व्हायचं तर एसआरचं वर्ष लागतं, ही अट आजवर होती. तालुक्याला काढलेलं वर्ष त्यात मोजलं जात नसेल तर कोण येईल? जुलै २०२५ च्या नव्या नियमांनी मात्र एक दार उघडलं आहे. २२० किंवा त्याहून जास्त खाटांच्या सरकारी रुग्णालयात दोन वर्षं काम केलेल्या पदव्युत्तर डॉक्टरला एसआर न करताही सहायक प्राध्यापक होता येतं, आणि दहा वर्षं काम केलेल्या तज्ज्ञाला सहयोगी प्राध्यापक. पदविकावाल्यांनाही काही अटींवर संधी दिली आहे. हे नियम मी दोनदा वाचले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी कागदावर मान्य केलं की जिल्ह्यातला डॉक्टर शिकवू शकतो.

तो शिकवू शकतोच. मी हे अभिमानाने सांगते. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात एमबीबीएस डॉक्टरांना सिझरपुरती भूल देता यावी म्हणून १८ आठवड्यांचं प्रशिक्षण निघालं, तेव्हा त्यातल्या काही जणांचे हात माझ्यासमोर बसले. त्यांतले दोघे आजही आजूबाजूच्या ग्रामीण रुग्णालयांत भूल देतात, अडलं तर रात्री फोन करतात.

आणि मी स्वतः कुठे शिकले? ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी डीएच्या पहिल्या वर्षाला होते. आमच्या पथकाला तिकडे पाठवलं. पावसात तंबू, कंदिलासारखा उजेड, चेचलेले पाय आणि हाताशी केटामाइन हे भुलीचं इंजेक्शन. माझे शिक्षक माझ्या शेजारी चिखलात गुडघ्यांवर बसले होते आणि प्रत्येक रुग्णाला औषध किती द्यायचं ते मला विचारत होते. स्वतः सांगत नव्हते, मला विचारत होते. चुकले की हात धरत होते. त्या चार दिवसांत जी भीती गेली ती परत आली नाही. त्यांनी आयुष्यात मला जितका वेळ दिला, त्यातला सगळ्यात मोलाचा तो. रेसिडेन्सी म्हणजे हे असतं.

तर माझं मागणं असं. ज्या रुग्णालयात त्या विषयाचा तज्ज्ञ प्रत्यक्ष हजर आहे तिथेच त्या विषयाचा रेसिडेंट पाठवा. रिकाम्या पदाच्या जागी रेसिडेंट बसवून पद भरल्यासारखं दाखवू नका. तो अजून शिकतो आहे, आणि रुग्णावरही तो अन्याय आहे. शिकवणाऱ्या तज्ज्ञाच्या ड्युटीत शिकवण्याचे तास मांडा. आज मी रात्री तीनपर्यंत टेबलावर असते, सकाळी नऊला पुन्हा ऑपरेशनची यादी असते, त्यात शिकवणं हे माझ्या मर्जीवर आणि अंगातल्या ताकदीवर चालतं. ते मर्जीवर ठेवू नका.

कॉलेजांनाही समज द्या. डीआरपीवर आलेल्या रेसिडेंटला दर आठवड्याला विभागातून फोन येतो, "युनिटला माणूस नाही, दोन दिवस ये." मोठ्या रुग्णालयांचा सगळा गाडा रेसिडेंटवर चालतो हे मला माहीत आहे. केंद्राच्या १९९२ च्या रेसिडेन्सी योजनेत लिहिलं आहे की रेसिडेंटने साधारणपणे आठवड्याला ४८ तास आणि एका वेळी १२ तासांपेक्षा जास्त काम करू नये. ३० वर्षं उलटून गेली. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मानसिक आरोग्यावरच्या कृती दलाला आठवड्याला ७४ तासांपेक्षा जास्त नको अशी शिफारस करावी लागली, यावरून ४८ तासांचं काय झालं ते समजा. माझ्याकडे येणारी पोरं पहिला आठवडा नुसती झोपतात. मी झोपू देते. झोपेशिवाय शिकता येत नाही आणि भूल तर अजिबात देता येत नाही. पण कॉलेजात अध्यापक आणि वैद्यकीय अधिकारी कमी म्हणून रेसिडेंट उपसायचा, आणि तालुक्यात तज्ज्ञ नाही म्हणूनही रेसिडेंटच उपसायचा, असं होऊ लागलं तर हे पोर शिकणार कधी?

२०२३ च्या ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबरच्या २४ तासांत नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ रुग्ण दगावले, त्यांतली १२ नवजात बालकं होती. दोन दिवस औषधांवर, स्वच्छतेवर, डीनवर चर्चा झाली. त्यातलं बरंचसं गरजेचंही होतं. पण तिथे शेवटच्या घटकेला पोचणारी बाळं तालुक्यातालुक्यातून येतात. तालुक्याला बालरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ रात्री हजर असेल तर त्यांतल्या कितीतरी बाळांना त्या रस्त्याला लागावंच लागत नाही. १०८ ची गाडी चांगली आहे, पण ती डॉक्टर नाही.

आता शेवटचं, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. कोल्हापूरकडची ती मुलगी जायच्या आदल्या दिवशी मला म्हणाली, "मॅडम, पास झाल्यावर मी इथे आले तर? इथे पद आहे का?" मला आनंद व्हायला हवा होता. मी गप्प झाले. आमच्याकडे भूलतज्ज्ञाचं एक पद आहे, त्यावर मी आहे. शेजारच्या तालुक्याचं पद रिकामं आहे, पण त्याची जाहिरात कधी निघेल, कायम की कंत्राटी, पगार वेळेवर की सहा महिन्यांनी, यातलं एकही उत्तर मला देता आलं नाही. मी म्हटलं, चौकशी करून कळवते. चौकशी केली. कार्यालयातून सांगितलं, "वरून आल्यावर बघू." ती आता पास झाली आहे आणि एका मोठ्या शहरात एसआर आहे. मी तिला दोष देत नाही.

तीन महिन्यांत ज्याला जिल्हा आवडतो त्याच्यासाठी तिथल्या तिथे काहीतरी लिहून देण्याची सोय करा. डीआरपी पूर्ण करणाऱ्याने त्याच जिल्ह्यातल्या रिकाम्या पदासाठी पसंती नोंदवली, तर बंधपत्राचं वर्ष त्याला तिथेच मिळावं. नव्या नियमांत बसत असेल तिथे ते वर्ष अध्यापनाच्या अनुभवात धरलं जावं, आणि वर्षभरात कायम नेमणुकीचा निर्णय व्हावा. एका खात्याकडे यादी आहे, दुसऱ्याकडे पदं आहेत. दोन्ही याद्या एका टेबलावर ठेवायला कायदा बदलावा लागत नाही.

माझ्या निवृत्तीला १९ महिने उरले आहेत. तेवढ्यात डीआरपीच्या सहा तुकड्या येतील. पुढची तुकडी पुढच्या महिन्यात यायची आहे. तिच्यात भूलशास्त्राचं कोणी आहे का, हे आमच्या रुग्णालयाला अजून कळवलेलं नाही. क्वार्टरच्या दाराला कडी आहे, खिडकीची काच मी या रविवारी बसवून घेते. यादी तेवढी लवकर पाठवावी, ही विनंती.

आपली,
उपजिल्हा रुग्णालयातील एक भूलतज्ज्ञ,
मराठवाडा